टॅग लावलेली मासिकं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला, त्याच्या कितीतरी वर्षं आधी कॉम्प्युटरची मासिकं आली. हे आजच्या मुलांना सांगितलं की ती हसतात. यंत्रच नाही तर मासिक कशाला, असं त्यांना वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही. पण राजधानीत, आर. के. पुरममधल्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती मासिकं दर महिन्याला यायची, बाबांच्या रेक्झिनच्या बॅगेतून, जेवणाच्या डब्याला चिकटून, आणि त्यांना लसणाच्या चटणीचा वास यायचा. मिनिस्ट्रीच्या लायब्ररीत कोणा हौशी अधिकाऱ्यानं ते इंग्रजी मासिक सुरू केलं होतं. तो अधिकारी बदलून गेला, मासिक येत राहिलं. कोणी त्याला हात लावत नसे. तीन महिने जुना झालेला अंक लायब्ररीवाला बाबांना देऊन टाकायचा. बाबांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मला आवडतं म्हणून ते आणायचे, एवढंच.

बाबा टायपिस्ट म्हणून सरकारी नोकरीत लागले आणि पुढं असिस्टंट झाले, पण मनानं टायपिस्टच राहिले. दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न बघता, नजर डाव्या बाजूच्या कागदावर ठेवून ते टाइप करत. ऑफिसच्या लिलावात घेतलेलं एक जुनं, जडशीळ टाइपरायटर आमच्या बाहेरच्या खोलीत होतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची पत्रकं, शेजारच्या बॅनर्जींच्या मुलाचे नोकरीचे अर्ज, सगळं त्यावर व्हायचं. रविवारी सकाळी आतून कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेरून त्या टाइपरायटरची एका लयीतली टकटक, असा आमच्या घराचा आवाज होता. ओळ संपल्याची घंटा वाजायची आणि पुन्हा तीच लय. बाबांचा स्वभाव मिरवण्याचा नव्हता, पण एका बाबतीत ते आढ्यतेनं बोलत. त्यांच्या टेबलावरची चुका पुसायच्या पांढऱ्या रंगाची बाटली न वापरताच वाळून जाते, हे ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कोणत्या ना कोणत्या निमित्तानं सांगायचेच. आई मग स्वयंपाकघरातून म्हणायची, "झालं, बाटली आली."

सरकारी माणसाला कागद मोकळा पडलेला बघवत नाही. तो कागद पंच करून, दोरीचा टॅग ओवून, फाइलला लावला आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं पानाचा नंबर घातला की त्याच्या जिवाला बरं वाटतं. माझ्या मासिकांचं बाबांनी तेच केलं. ऑफिसातून निकामी म्हणून आणलेलं एक पंचिंग मशीन घेऊन ते रविवारी जेवणानंतर जमिनीवर बसत आणि अंकाची पानं चार-चार, पाच-पाच करून पंच करत. भोकं अगदी कडेला पाडली तर टॅगच्या ओढीनं कागद फाटतो, म्हणून चांगली आत पाडायची, हा त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचा धडा होता. मग हिरवा टॅग, बदामी फाइल-कव्हर, आणि कव्हरवर ठसठशीत अक्षरात विषय: 'कॉम्प्युटर, कु. अंजली, भाग १'. वर्षभरात असे तीन भाग झाले. "आता कसं, पाहिजे ते पान चटकन सापडेल," असं म्हणून ते फाइल माझ्या हातात देत, जणू ती वरच्या साहेबाकडे मंजुरीला चालली आहे.

त्या मासिकांचा प्राण असायचा शेवटच्या पंधरा-वीस पानांत. तिथं आख्खे प्रोग्रॅम छापलेले असत, ओळीला नंबर देऊन, बारीक टायपात, दोन-दोन रकान्यांत. ज्याच्याकडे यंत्र असेल त्यानं ते बसून ओळीन् ओळ टाइप करायचे आणि चालवून बघायचे. बाबांचं पंचिंग मशीन नेमकं या पानांवर चालायचं. रकाना पानाच्या शिवणीपर्यंत छापलेला, त्यामुळं प्रत्येक पानावर दोन भोकं दोन ओळींतला घास घेऊन जायची. कुठं ओळीचा नंबर जायचा, कुठं शेवटचा कंस. खाली पडलेल्या गोल टिकल्या मी गोळा करून त्यांच्यावरची अक्षरं भिंगातून बघायची आणि कुठली टिकली कुठल्या भोकाची हे जुळवत बसायची. पण आईचा केरसुणीचा हात चपळ होता. "घरात ही कसली कागदाची रांगोळी," म्हणून ती दोन मिनिटांत सगळं सुपलीत भरायची. मी बाबांना भोकांबद्दल कधी बोलले नाही. एवढ्या मायेनं केलेल्या कामात खोट काढायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर गेलेलं अक्षर स्वतः ओळखून काढण्यात मला मजाही वाटायची.

यंत्र नसताना मी ते प्रोग्रॅम डोक्यात चालवायची. थंडीत आमच्याकडे मटारचे ढीग यायचे. क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर उन्हात चटई टाकून आई, बॅनर्जीकाकू आणि मी मटार सोलायला बसायचो. गुडघ्यावर फाइल, समोर तीन वाट्या. एक वाटी म्हणजे एक संख्या. प्रोग्रॅम म्हणाला एक वाढव, की त्या वाटीत एक दाणा टाकायचा. म्हणाला परत मागं जा, की बोट मागच्या ओळीवर. बॅनर्जीकाकू आईला विचारायच्या, "यह पढ़ रही है कि खेल रही है?" आई म्हणायची, "पता नहीं, लेकिन मटर तो छील रही है ना." त्या वाट्यांतले दाणे संध्याकाळी पोह्यांत किंवा उसळीत जायचे. पुढं मी चौतीस वर्षं या धंद्यात काढली, गुडगावच्या काचेच्या इमारतींत बसून मोठमोठे प्रोग्रॅम लिहिले, पण इतकं मन लावून मी पुन्हा कधी काही वाचलं नाही. हे मी हळवं होऊन म्हणत नाही. तेव्हा वाचण्याखेरीज दुसरं काही करताच येत नव्हतं, म्हणून वाचणं तेवढं खोल गेलं.

शाळेत एक कॉम्प्युटरची खोली होती खरी. दाराबाहेर बूट काढून, मोज्यांनी, रांगेत आत जायचं. एअर कंडिशनरचा गारवा आणि एका यंत्रामागं चार मुली. आठवड्याला एक तास, त्यातला निम्मा हजेरीत जायचा. मी तिथं फुशारक्या मारत असे आणि घरी येऊन बाबांना सांगत असे की मॅडमना येत नव्हतं ते मी सांगितलं. बाबा ते ऐकून फुलायचे. आज त्या सोळा वर्षांच्या अंजूला मी दुरून बघते तेव्हा ती मला हुशार वाटते आणि थोडी अगाऊही. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे वाक्य तिच्या तोंडून निघतच नव्हतं.

त्याच सुमारास बाबांच्या सेक्शनला कॉम्प्युटर मिळाला. पांढरी प्लॅस्टिकची खोळ घालून तो महिनोन्महिने कोपऱ्यात उभा होता. सेक्शनचे साहेब, त्यांना सगळे शर्माजी म्हणत, एके दिवशी वैतागून म्हणाले की वरून विचारणा झाली आहे, या यंत्राचं काय करता ते कळवा. सगळे खाली बघू लागले. बाबा म्हणाले, "सर, मेरी बेटी को यह सब आता है. उससे पूछकर मैं डाक का रजिस्टर इस पर चढ़ा सकता हूँ." डाक म्हणजे रोज येणारी पत्रं. कुठलं पत्र कधी आलं, कोणाकडे गेलं, उत्तर कधीपर्यंत द्यायचं, याचं जाडजूड रजिस्टर हातानं लिहावं लागे. शर्माजी म्हणाले, "खांबेटेजी, पक्का?" बाबा म्हणाले, "बिल्कुल पक्का, सर." हा संवाद बाबांनी घरी येऊन दोन्ही आवाजांत करून दाखवला, आणि आईनं त्या दिवशी कारण नसताना शिरा केला.

भाग दोनमध्ये पत्त्यांची यादी ठेवायचा एक प्रोग्रॅम होता. तो थोडा बदलला की डाकेला चालेल हे मी आधीच ताडलं होतं. बाबा यंत्रावर टाइप करणार, पण मासिकातला तो बारीक टाइप आणि मधली भोकं त्यांना झेपणार नव्हती, म्हणून मी सगळा प्रोग्रॅम फुलस्केप कागदांवर मोठ्या अक्षरात उतरवून द्यायचं ठरलं. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. चार दिवस मी तेच केलं. भोकात गेलेलं जवळजवळ सगळं आगेमागे बघून खात्रीनं भरता आलं. एक जागा मात्र अशी होती की तिथं खात्री नव्हती. फ्लॉपीवर किती नोंदी झाल्या की थांबायचं आणि नवी फ्लॉपी मागायची, हे सांगणारी ती ओळ होती. दोन आणि पाच हे आकडे दिसत होते, तिसरा भोकात गेला होता. शून्य असेल, पाच असेल, काहीही असेल. दोनशे पंचावन्न ही संख्या कॉम्प्युटरच्या जगात वरचेवर भेटते हे मी वाचलं होतं. मी अंदाजपंचे पाच लिहिला.

त्या पाचाखाली पेन्सिलीनं एक रेघ मारायची माझ्या मनात आलं होतं. बाबांना म्हणायचं होतं की एवढी एक जागा मी अंदाजानं भरली आहे, ती कोणाकडून तरी विचारून घ्या. लायब्ररीत दुसरी प्रत नव्हती, पण मासिकाला पत्र टाकता आलं असतं. मी रेघ मारली नाही. बाबांनी साहेबांना बिल्कुल पक्का सांगितलं होतं. ती भोकं त्यांनीच पाडली होती, हेही त्यांना सांगावं लागलं असतं. ही झाली चांगली कारणं. खरं कारण हे की मला सगळं येतं असं ज्या घरात मानलं जात होतं, तिथं मला ते पद सोडायचं नव्हतं.

बाबा जेवणाच्या सुट्टीत यंत्रासमोर बसायचे. अर्थ कळत नसताना त्यांनी ती चौदा पानं टाइप केली, डाव्या हाताला माझे कागद, नजर कागदावर. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. धंद्यातल्या कोणालाही विचारा, असं होत नसतं. बाबा घरी आले ते चपला न काढताच आत आले. "अंजू, चालला! तू लिहिलंस आणि मी टाइप केलं, एक चूक नाही." मग रोजची डाक त्यावर चढू लागली. वरचे अधिकारी येऊन बघून गेले. शर्माजी दोन्ही रजिस्टरं काही महिने चालू ठेवा म्हणाले होते, पण इतकं छान चाललंय म्हटल्यावर हाताचं रजिस्टर हळूहळू मागं पडलं आणि मग बंदच झालं.

पुढं जे झालं ते, नंतर मी मनाशी जुळवलं तसं, थोडक्यात सांगते. फ्लॉपीवर जागा राखलेली होती अडीचशे नोंदींचीच. प्रोग्रॅम थांबणार होता दोनशे पंचावन्नला. मधली पाच पत्रं जुन्या नोंदींच्या डोक्यावर जाऊन बसली आणि त्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या. पुसल्या गेलेल्या त्या पाचांत एक कोर्टाची नोटीस होती. पत्र कपाटात होतं, पण ते आलं होतं याची नोंदच कुठं उरली नव्हती, त्यामुळं तारीख टळून गेली. वरून शर्माजींना झापलं गेलं. शर्माजींनी बाबांकडे लेखी खुलासा मागितला. त्याच दुपारी कोणीतरी फ्लॉपी कोरी करून टाकली, माझे फुलस्केप कागद फाडून टोपलीत गेले, यंत्रावर पुन्हा खोळ चढली आणि हाताचं रजिस्टर सुरू झालं. काय चुकलं हे बघायला कोणाला वेळ नव्हता आणि बघायला काही उरलंही नव्हतं.

बाबा त्या दिवशी नेहमीच्याच बसनं आले. आईनं चहा आणि थालीपीठ ठेवलं. त्यांनी थालीपिठाचा एक तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. सगळं सांगून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, साधी चौकशी होती.

"अंजू, तुझे कागद बरोबर होते ना? म्हणजे, मासिकात होतं तेच होतं ना सगळं?"

मी म्हणाले, "हो बाबा."

"कुठं काही शंका नव्हती?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "मग माझ्याच हातून कुठंतरी काहीतरी गेलं असणार." आणि मग आईला उद्देशून म्हणाले, "वय होतंय."

ते तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते.

तो खुलासा त्यांनी घरच्याच टाइपरायटरवर टाइप केला. मी अभ्यासाचं पुस्तक समोर धरून आतल्या खोलीत बसले होते आणि मला टकटक ऐकू येत होती. सकाळी ते पत्र बॅगेत घालण्याआधी टेबलावर होतं तेव्हा मी वाचलं. प्रोग्रॅम टाइप करताना माझ्याकडून अनवधानानं चूक झाली, त्याची पूर्ण जबाबदारी माझी आहे, असं त्यात होतं. माझं नाव कुठंही नव्हतं. मुलीला विचारून केलं, एवढंसुद्धा नव्हतं. अजूनही वेळ होती. बाबा आंघोळीला गेले होते, दार वाजवून सांगता आलं असतं. मी पत्र होतं तसं ठेवलं आणि शाळेत गेले.

खुलाशाचं पुढं फार काही झालं नाही. सरकारी कामात असे कागद फाइलला लागतात आणि तिथंच राहतात. बदललं ते घरात. बाबा कीबोर्डकडे बघून टाइप करू लागले. आधी माझ्या लक्षात आलं नाही, मग आवाजावरून आलं. चार अक्षरं, मग खंड, मग दोन अक्षरं, मग खंड. पान झालं की ते काढून घेत आणि बोट ठेवून शब्दन् शब्द वाचत, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. आईनं एकदा विचारलं, "अहो, हात दुखतोय का तुमचा?" ते म्हणाले, "नाही गं, आता जरा जपून केलेलं बरं." गणपतीची पत्रकं पूर्वी एका सकाळीत व्हायची, त्यांना दोन दिवस लागू लागले. पाहुण्यांना बाटलीची गोष्ट सांगणं बंद झालं. आईच्या ते लक्षात आलं असणार, कारण तीही कधी त्यावरून चिडवेनाशी झाली.

पुढं मी इंजिनिअर झाले आणि नोकरीला लागले. माझ्या लग्नात बाबांनी वऱ्हाडातल्या लोकांना ही गोष्ट हसत हसत सांगितली. "हिनं सोळाव्या वर्षी आख्खा प्रोग्रॅम लिहून दिला होता, एकदम अचूक. मीच एका जागी बोट चुकलो आणि मिनिस्ट्रीची कोर्टात फजिती केली." सगळे हसले. मी शालू सावरत खाली बघत होते आणि लोकांना ते नव्या नवरीचं लाजणं वाटलं. एखादी गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली नाही की दुसऱ्या दिवशी दुप्पट अवघड होते. चाळीस वर्षांनी ती किती अवघड झाली असेल याचा हिशेब मी कधी मांडला नाही. बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर रिकामं करायच्या घाईत तिन्ही भाग रद्दीत गेले, टॅगसकट. मला हळहळ वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

आता जुन्या मासिकांचे आमच्यासारखे वेडे लोक इंटरनेटवर भेटतात. जगभर विखुरलेले, बहुतेक माझ्याच वयाचे, गुडघे धरलेले. कोणी माळ्यावरचे अंक काढून पानन् पान स्कॅन करून चढवतं, कोणी त्यातले प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर चालवून दाखवतं, कोणी नुसत्याच जाहिराती बघून उसासे टाकतं. सकाळी चहाबरोबर मी तिथं अर्धा तास असते. तिथंही भांडणं आहेत, पण ती कुठल्या कीबोर्डचा आवाज बरा यावरून होतात, त्यामुळं जिवाला लागत नाहीत. गेल्या थंडीत भोपाळच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी आमच्या त्या मासिकाचे जवळजवळ सगळे अंक चढवले. मी तो अंक शोधून काढला. चहाचा कप बाजूला सारून पान उघडलं. 

पानाला भोक नव्हतं. त्या जागी स्वच्छ छापलं होतं: दोनशे पंचावन्न. माझा अंदाज बरोबर होता.

पुढच्या अंकात, वाचकांच्या पत्रांच्या खाली, चौकटीत दोन ओळी होत्या. गेल्या महिन्यातल्या पत्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये नोंदींची मर्यादा चुकीची छापली गेली आहे, ती अडीचशे अशी वाचावी. तो अंक आमच्या घरी आलाच नव्हता, टपालात गहाळ झाला असावा. म्हणजे मी मासिकात होतं तेच लिहिलं होतं, बाबांनी मी लिहिलं होतं तेच टाइप केलं होतं, आणि चूक कुठल्या तरी छापखान्यात झाली होती. मला इतका आनंद झाला की मी स्क्रीन तशीच सोडून उठले आणि घरभर हिंडले. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं असं मला त्या पाच मिनिटांत प्रामाणिकपणे वाटलं.

बाबा आता शहाऐंशीचे आहेत. आई गेल्यापासून ते आमच्याकडे फरीदाबादला असतात. कान शाबूत आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. ते गॅलरीत उन्हात शाल घेऊन बसले होते. मी टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ते पान बोटांनी मोठं करून दाखवलं.

"हे आपलं मासिक की काय?" ते म्हणाले. "आणि पंच केलेलं नाही."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भोक, गेलेला आकडा, मी भरलेला पाच, पुढच्या अंकातली चौकट. सांगता सांगता मी भराभर बोलू लागले, कारण शेवट चांगला होता आणि मला तिथं लवकर पोचायचं होतं. "बाबा, म्हणजे तुमची चूक नव्हतीच. तुमच्या बोटांनी एक अक्षर चुकवलं नव्हतं. तुम्ही बिल्कुल बरोबर टाइप केलं होतं."

ते त्या पानाकडे बघत होते. त्यांना ते वाचता येत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. खाली भाजीवाला मुळे, पालक ओरडत गेला.

"अच्छा," ते म्हणाले. मग टॅबलेट माझ्याकडे परत देत, अगदी हळू, एकेक शब्द नीट लावत बोलले.

"अंजू, चूक छापखान्याची होती, हे तुला आज कळलं. पण ती माझ्या बोटांचीच आहे असं नाही, दुसऱ्याही कशाची असू शकेल, हे तुला त्या दिवशी माहीत होतं."

मी म्हणाले, "हो बाबा."

त्यांनी मान हलवली आणि शाल खांद्यावर ओढून घेतली. त्यांचे हात मांडीवर होते, दहाही बोटं एकमेकांत गुंतवलेली. मी तिथंच, त्यांच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर बसून राहिले. उठून जायला त्यांनी मला सांगितलं नाही आणि माफ केलं असंही ते म्हणाले नाहीत.